एका हातात डबा, दुसऱ्या हातात पोर: पुण्यातल्या वस्ती-शौचालयांचं प्रकरण

नगररचनेच्या विद्यार्थ्यांचा पहिला तास मी बादलीने सुरू करते. अर्धी बादली पाणी एकाच्या हातात द्यायचं, दुसऱ्या हातात दप्तर. दप्तर म्हणजे तीन वर्षांचं मूल, असं समजायचं. मग वर्गाच्या कोपऱ्यात खडूने आखलेल्या तीन फूट बाय चार फुटांच्या चौकोनात त्याला शिरायला सांगायचं. दार म्हणून दुसरा एक जण उभा राहतो आणि तो आतल्या बाजूला उघडतो. आत शिरणाऱ्याला दार लावण्यासाठी मागे सरकावं लागतं, मागे संडासाचं भांडं आहे, बादली टेकायला जागा नाही आणि मूल खाली ठेवावं तर फरशी ओली. दोन मिनिटं हशा होतो. मग मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारते, ‘मॅडम, दार बाहेर उघडलं तर?’ तास खरा सुरू होतो तो तिथून.

तिला जे दोन मिनिटांत दिसतं, ते वर्षानुवर्षं नकाशे काढणाऱ्यांना दिसत नव्हतं. ते काही मूर्ख नव्हते. त्यांच्या घरी संडास घरातच होता आणि बादली घेऊन रांगेत उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, एवढंच. ज्यांच्यावर ती वेळ रोज यायची, त्यांना कुणी नकाशाजवळ बोलावत नव्हतं. पुण्यात १९९९ ते २००१ या काळात हे थोडं बदललं. किती बदललं, कशामुळे बदललं आणि कुठे येऊन अडलं, ते इथे सविस्तर मांडते.

आधी एका शब्दाबद्दल. सरकारी कागदांत हल्ली ‘स्टेकहोल्डर’साठी ‘भागधारक’ हा शब्द फार दिसतो. मराठीत भागधारक म्हणजे ज्याने पैसे घालून शेअर घेतले आहेत तो. वस्तीत राहणाऱ्या बाईचा संडासात कसला शेअर? पण त्यावाचून तिचं रोज अडतं. म्हणून मी वर्गात ‘ज्याचं अडतं तो’ असंच म्हणते. असं म्हटलं की यादीत कोण येतं आणि कोण उगाच घुसलेलं आहे, हे आपोआप कळतं. ठेकेदाराचं अडत नाही. तो दुसरं काम घेईल.

आधी काय होतं

त्या काळात पुण्यात पाचशेहून अधिक झोपडपट्ट्या होत्या आणि शहराची जवळपास चाळीस टक्के माणसं त्यांत राहत होती. सार्वजनिक संडास बांधायचं काम महापालिकेचं. १९९२ ते १९९९ या सात वर्षांत महापालिकेने बांधलेल्या ब्लॉकची, म्हणजे अनेक संडास एकत्र असलेल्या इमारतींची, संख्या होती २२. जे होते त्यांची कथा महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहिलेल्या माणसाला सांगायची गरज नाही: वस्तीच्या कडेला, उकिरड्याशेजारी, पाणी नाही, दिवा नाही, दाराला कडी नाही, भांडी तुंबलेली, आणि आजूबाजूला इतकी घाण की तिथपर्यंत पोचण्यापेक्षा बाहेर बसणं बरं.

यामागचा हिशेब साधा होता. निविदा निघायची बांधकामाची. ठेकेदाराचं बिल निघायचं काम पूर्ण झाल्यावर. त्यानंतर ब्लॉक चालतो की बंद पडतो, याच्याशी त्याचा संबंध संपायचा. देखभाल यायची महापालिकेच्या सफाई खात्याकडे आणि तिथे माणसं अपुरी. वस्तीतल्या लोकांनी तर तो संडास मागितलाही नसायचा आणि नाकारलाही नसायचा. एक दिवस भिंती उभ्या राहायच्या. ‘पालिकेचा संडास’ हेच त्याचं नाव पडायचं, म्हणजे आपला नव्हे. मग दार कुणी काढून नेलं तरी कुणी हटकायचं नाही.

आता गणित बघा. अशा ब्लॉकसाठी सर्वसाधारण माप होतं दर पन्नास माणसांमागे एक सीट. कागदावर हे पुरेसं वाटतं. पण पन्नास जणांना प्रत्येकी चार मिनिटं धरली तरी दोनशे मिनिटं होतात, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. ही माणसं काही दिवसभरात वाटून येत नाहीत. सगळी येतात पहाटे पाच ते साडेआठच्या दरम्यान. त्याच वेळेत नळाला पाणी येतं, त्याच वेळेत पोरांची शाळा असते आणि त्याच वेळेत धुण्याभांड्याच्या पहिल्या घरी पोचायचं असतं. रांगेत उशीर झाला की बाईचा पगार कापला जातो. इतकं सगळं त्या ‘पन्नासमागे एक’ या आकड्यात दडलेलं असतं.

रांगेतही सगळे सारखे नसतात. सात वर्षांचं पोर डबा धरून उभं असेल तर मोठी माणसं त्याला बाजूला सारून पुढे जातात, कारण ‘तुला काय घाई आहे, गटारावर बस ना.’ पोर गटारावर बसतं. वस्तीभर जी घाण दिसते आणि जिच्यासाठी वस्तीलाच नावं ठेवली जातात, तिचा मोठा वाटा या ढकललेल्या पोरांचा असतो. इंजिनिअरच्या आकडेमोडीत मात्र पोर म्हणजे माणूसच, पन्नासातलं एक.

निविदेचा मसुदा बदलला

रत्नाकर गायकवाड पुण्याचे आयुक्त असताना महापालिकेने १९९९ मध्ये वर्तमानपत्रांत जाहिरात दिली आणि स्वयंसेवी संस्थांकडून प्रस्ताव मागवले. अट अशी होती, की जी संस्था ब्लॉक बांधेल तिनेच तो वस्तीच्या साथीने चालवायचा. बांधकामाचा खर्च, पाण्याची आणि विजेची जोडणी महापालिका देणार. आठ संस्थांना काम मिळालं. त्यांत सर्वांत मोठा वाटा स्पार्क ही संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही झोपडपट्टीवासीयांची संघटना आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचं संघटन, या तिघांच्या आघाडीचा होता.

या प्रकरणाविषयी बोलताना लोक लगेच ‘लोकसहभागा’कडे वळतात आणि या अटीला एका ओळीत उरकतात. माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथेच आहे. बांधणारा आणि चालवणारा एकच ठरला, तेव्हा पहिल्यांदा ‘हे पुढे कोण साफ करणार’ हा प्रश्न नकाशा काढतानाच टेबलावर आला. टाकी लहान ठेवली तर पाणी संपणार आणि त्याचा त्रास आपल्यालाच होणार, हे बांधणाऱ्याला कळत होतं. नुसत्या सभा घेऊन हे साधलं नसतं. लोकांना विचारायचं, वहीत लिहून घ्यायचं आणि मग जुन्याच निविदेने जुन्याच ठेकेदाराला काम द्यायचं, असल्या सभा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वस्तीतल्या लोकांनीही पाहिल्या आहेत, म्हणून तर ते सभेला येत नाहीत.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. आयुक्तांच्या कार्यालयात दर आठवड्याला बैठक व्हायची आणि संस्थांची माणसं व महापालिकेचे इंजिनिअर समोरासमोर बसायचे. कुठल्या वस्तीत जुना ब्लॉक पाडायला परवानगी मिळाली नाही, कुठे ड्रेनेजची लाइन जोडून मिळाली नाही, कुठे बिल अडलं, हे तिथल्या तिथे विचारलं जायचं. सरकारी कामात अडलेला कागद हलवायला माणसाला दहा टेबलं फिरावी लागतात. इथे ती दहा टेबलं आठवड्यातून एकदा एका खोलीत येत होती.

बायकांनी काय सांगितलं

महिला मिलनची सुरुवात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपासून झाली. स्पार्क १९८४ साली त्याच बायकांबरोबर कामाला लागली होती. जोकिन अर्पुथम यांची फेडरेशन त्याआधीची, सत्तरच्या दशकातली. या तिघांची एक जुनी पद्धत होती. कागदावरचा नकाशा लोकांपुढे धरायचा नाही, कापड आणि बांबू घेऊन खऱ्या मापाचा नमुना उभा करायचा आणि लोकांना त्यात हिंडू द्यायचं. नकाशा वाचता येत नाही म्हणून गप्प बसणारी बाई नमुन्यात पाऊल टाकल्याबरोबर बोलायला लागते. माझी बादली म्हणजे या पद्धतीची लहानशी नक्कल आहे.

त्या बोलण्यातून आणि रोजच्या अनुभवातून ब्लॉकचा आराखडा बदलत गेला. सगळ्यात आधी रांग. जुन्या ब्लॉकमध्ये पुरुष आणि बायका एकाच वाटेने यायचे, बऱ्याच ठिकाणी दारं समोरासमोर. डबा घेऊन उभं राहायचं आणि समोर गल्लीतली ओळखीची पुरुषमंडळी विडी ओढत उभी. त्यामुळे बायका पहाटे चारला जायच्या, नाहीतर रात्र होईपर्यंत थांबायच्या. दिवसभर पाणी कमी प्यायचं, पोट दाबून धरायचं. नव्या ब्लॉकमध्ये बायकांचं प्रवेशद्वार वेगळं केलं, रांगेची जागा वेगळी केली. याला जास्त सिमेंट लागत नाही, लागते ती ही गोष्ट कुणीतरी मोठ्याने बोलण्याची. आणि ही गोष्ट पुरुषांच्या सभेत कुणी बोलणार नाही.

मग पोरं. मुलांसाठी वेगळा भाग, वेगळी छोटी भांडी. मोठ्यांच्या भांड्यावर लहान मूल बसलं तर पाय फाकतात, तोल जातो आणि मागच्या भोकाची भीती बसते. ही भीती खरी असते, पोरं त्यापायी अंधाऱ्या संडासात पाऊलच टाकत नाहीत. म्हणून भांडी लहान, धरायला दांडी आणि जागा उजेडाची. रांगही त्यांची त्यांनाच. एकदा पोरांची सोय वेगळी झाली की मोठ्यांच्या रांगेतून ती गळतात, रांग लवकर सरकते आणि गटारावरची घाणही कमी होते. एका बारीकशा गोष्टीने तीन गोष्टी सुटतात. पन्नासमागे एक सीट या आकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

पाण्याची टाकी मोठी केली, कारण बायकांना माहीत होतं की ब्लॉक घाण का होतो. लोक घाणेरडे असतात म्हणून नव्हे. एक डबा पाणी पुरत नाही म्हणून. म्हाताऱ्यांसाठी आणि अधू माणसांसाठी सोयीची सीट ठेवली. जाळ्या मोठ्या ठेवल्या, हवा खेळती ठेवली.

आणि राखणदार. बऱ्याच ब्लॉकमध्ये राखणदाराच्या कुटुंबाला राहण्यासाठी खोली बांधली. वरवर पाहिलं तर हा जादा खर्च. पण राहायला जागा मिळाली म्हणजे पगार कमी असला तरी माणूस टिकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्री तिथे कुणीतरी असतं, दिवा लागलेला असतो, भांड्यांचा आवाज येत असतो. रात्री दोनला पोट बिघडलेल्या मुलीला एकटीने जायचं असेल, तर या दिव्याची किंमत काय, ते तिच्या आईला विचारा. काही ठिकाणी वर किंवा शेजारी सभागृहाची खोली बांधली. संडासाच्या डोक्यावर कुणी बैठक घेईल का, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण जिथे बैठका होतात, तिथला तळमजला घाण ठेवणं लोकांना परवडत नाही.

ब्लॉकचं उद्‌घाटन म्हणजे संडास मेळा. रांगोळी, तोरणं, हार, नगरसेवक, अधिकारी, शेजारच्या वस्त्यांतल्या बायका. या गोष्टीवर बाहेरचे लोक हसतात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्या गोष्टीबद्दल जन्मभर कुजबुजायचं, ती दिवसाउजेडी हार घालून दाखवायची, यात मोठं धाडस आहे. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत या मंडळींनी घराचा आणि मुलांच्या संडासाचा नमुना उभा केला, तेव्हा खुद्द सरचिटणीस कोफी अन्नान ते बघायला आले होते.

वीस रुपयांचा पास

देखभालीचा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न सभांमध्ये बराच गाजला असणार. इतर सशुल्क शौचालयांत दर वेळेला एक रुपया घेत. बसस्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला एक रुपया म्हणजे काहीच नाही. पण वस्तीतलं पाच माणसांचं घर धरा. रोज एकदा गेलं तरी पाच रुपये, महिन्याला दीडशे. त्या काळी धुण्याभांड्याच्या एका घराचा महिन्याचा पगार याहून फार मोठा नसायचा. मग घरातलं कोण जाणार? कमावता बाप जाणार. पोरांसाठी रोज रुपया कोण मोडणार? म्हणजे ज्या पोरांसाठी एवढी छोटी भांडी बसवली, तीच पुन्हा गटारावर.

म्हणून कुटुंबाचा मासिक पास काढला, वीस रुपयांचा. घरातल्या सगळ्यांनी महिनाभर कितीही वेळा जावं. हा दर ठरवताना बाजारभाव काय, हे बघितलं नाही. घरातलं कुणी मागे राहता कामा नये, हे बघितलं. पुष्कळ योजनांमध्ये दर ठरवणारा आणि तो भरणारा यांच्यात भिंत असते. इथे पास काढणारी बाईच हिशेबाच्या वहीवर बसायची, त्यामुळे कुणाला या महिन्यात जमणार नाही आणि कुणाला जमत असून तो टाळतोय, हे तिला माहीत असायचं.

जागेवरून भांडण

आतापर्यंतचं वाचून वाटेल की बायका बोलल्या आणि सगळं सुरळीत झालं. तसं होत नाही. ‘वस्ती’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो, पण वस्तीला एक तोंड नसतं.

ब्लॉक कुठे बांधायचा यावरून जेवढी भांडणं होतात, तेवढी दुसऱ्या कशावरून होत नाहीत. संडास सगळ्यांना हवा असतो, पण आपल्या भिंतीला लागून कुणालाच नको असतो. वास, डास, रात्री-बेरात्री येणारी-जाणारी माणसं, आणि दारासमोर रांग उभी राहिली की घरात बसून जेवणंही अवघड. ज्याच्या भिंतीला सेप्टिक टँक लागणार, त्याचं म्हणणं चूक कसं म्हणणार? त्याचं अडतं ते वेगळं, पण अडतंच. जुना ब्लॉक पाडून त्याच जागी नवा बांधायचा हा वरवर सोपा मार्ग. पण पाडल्यापासून नवा सुरू होईपर्यंतचे महिने लोकांनी जायचं कुठे? काम रेंगाळलं तर बायकांचे हाल, आणि शिव्या खायच्या त्या समोर दिसणाऱ्या महिला मिलनच्या बायकांनी.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सगळ्यांचं समाधान होईल असा तोडगा निघतो, हे विद्यार्थ्यांच्या मनातून मला आधी काढून टाकावं लागतं. निघत नाही. कुणाचं किती अडतं, हे मोजावं लागतं. भिंतीला वास येणं आणि पोटुशी बाईला रात्री अर्धा किलोमीटर चालायला लागणं, यांत दुसरं जड आहे. पण भिंतवाल्याला तोंडावर तसं सांगावं लागतं आणि त्याला काय देता येईल ते बघावं लागतं: टाकीचं झाकण पक्कं, वायुवाहिनी उंच, प्रवेश दुसऱ्या बाजूने. त्याला टाळून रातोरात खड्डा खणला, तर तो पहिल्या दिवसापासून त्या ब्लॉकचा वैरी होतो. आणि वैरी शेजारी असेल तर कुठलाही ब्लॉक टिकत नाही.

काम बायकांच्या हाती

आघाडीने पुण्यात ११४ ब्लॉक बांधले. त्यांत मोठ्यांसाठी दोन हजारांहून अधिक आणि मुलांसाठी ५०० सीट होत्या. सगळ्या संस्था मिळून पुण्यात या काळात चारशेहून अधिक ब्लॉक झाले आणि त्यांचा उपयोग पाच लाखांहून अधिक लोकांना झाला. आधीच्या सात वर्षांतले २२ आठवा. खर्चही आटोक्यात राहिला. आघाडीच्या कामाचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकापेक्षा सुमारे पाच टक्के कमी आला.

यातल्या काही ब्लॉकचं बांधकाम महिला मिलनच्या बायकांनी स्वतः अंगावर घेतलं. त्यांच्या पाठीशी स्पार्कचे इंजिनिअर आणि वास्तुविशारद होते. पण विटांची गाडी आली की विटा मोजणं, गवंडी नेमणं, मालाचा भाव करणं, साइटवर आलेल्या पालिकेच्या इंजिनिअरशी बोलणं, ही कामं ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली त्या बायकांनी केली. सुरुवातीला अवघड गेलं, दुकानदारही दाद देईनात. पण घर चालवताना बाईला एका गोष्टीचा सराव होतो: दिलेल्या पैशात माल पुरा आला का, हे बघण्याचा. साइटवर तोच सराव कामी आला. अंदाजपत्रकातल्या त्या वाचलेल्या पाच टक्क्यांत या नजरेचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

पैशाची बाजू मात्र कायम नाजूक होती. महापालिका आधी काम करायला लावते आणि मग बिल काढते. मोठा ठेकेदार हे झेलू शकतो, वस्तीतल्या बायकांच्या गटाला सिमेंटवाला आठ दिवसांपलीकडे थांबत नाही. मधल्या काळातला पैसा मोठ्या संस्थेने उभा केला नसता, तर कितीही सभा झाल्या असत्या तरी हे काम शेवटी ठेकेदारांकडेच गेलं असतं. लोकांच्या हाती निर्णय द्यायचा असेल तर बिल किती दिवसांत निघतं, हा प्रश्न नकाशाइतकाच महत्त्वाचा आहे.

कुणाला विचारलं नाही

या प्रकरणाचं मी मनापासून कौतुक करते, म्हणूनच त्यातल्या रिकाम्या जागाही दाखवते.

पाळीच्या वेळी वापरलेलं कापड किंवा पॅड कुठे टाकायचं, हा प्रश्न त्या काळच्या आराखड्यांमध्ये जवळपास नव्हता. बायकांच्या सभा असूनही नव्हता. काही गोष्टी बायका बायकांतही बोलत नाहीत. कधीकधी त्यांनाही वाटत नाही की याचा नकाशाशी काही संबंध असेल. मग ते कापड भांड्यात जातं, चेंबर तुंबतं आणि लोक म्हणतात, बायकांना अक्कल नाही. आत एक झाकणाचा डबा आणि तो रिकामा करायची सोय ठेवली असती, तर हे टळलं असतं. तृतीयपंथी माणसाने दोन प्रवेशद्वारांपैकी कुठल्या दाराने जायचं, हेही कुणी विचारलं नाही.

आणि सफाई करणारा माणूस. राखणदाराला खोली मिळाली, हे चांगलं झालं. पण चेंबर तुंबल्यावर बांबू घालणारा, टँक उपसणारा कोण? हे काम कुठल्या जातीच्या माणसांच्या वाट्याला येतं, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. वस्तीतल्या लोकांनी कारभार हाती घेतला तरी हे आपोआप बदलत नाही. वस्तीतही तेच काम त्याच घरांकडे जातं. टँकचं झाकण कुठे येतं, उपसायची गाडी तिथपर्यंत पोचते का, आत न उतरता काम होतं का, हे ठरवताना त्या माणसाला नकाशाजवळ बसवायला हवं होतं. २०१३ मध्ये हाताने मैला उपसण्याला बंदी करणारा नवा कायदा आला, तरी आजही टाकीत उतरून गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या येतात. याच्यापुढे कुणाचं जास्त अडतं?

न विचारलेला प्रश्न

सगळ्यात मोठी रिकामी जागा याहून मूलभूत आहे. १९९९ मध्ये लोकांना विचारलं गेलं ते असं: ब्लॉक कसा हवा? ‘ब्लॉक हवा का’, हा प्रश्न त्याआधीच ठरून गेला होता. वस्तीतल्या कुठल्याही बाईला पर्याय न सांगता विचारा, संडास कुठे हवा? ती म्हणेल, घरात. पावसाळ्यात नको, रात्री नको, आजारपणात नको, बाळंतपणात नको ती रांग.

तेव्हा असं का झालं, त्याची कारणं खरी आहेत. दहा बाय दहाची घरं, तीन फुटांच्या गल्ल्या, बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजची लाइन नाही, जागेचा हक्क पक्का नाही. दोन वर्षांत लाखो लोकांपर्यंत पोचायचं तर ब्लॉक हाच मार्ग होता, आणि पाच लाख लोकांची सोय झाली ही गोष्ट मी हलकी मानत नाही. पण पुण्यातच याच कार्यक्रमात काम केलेली शेल्टर असोसिएट्स ही प्रतिमा जोशी यांची संस्था पुढे दुसऱ्या वाटेने गेली. त्यांनी घर आणि घराजवळची ड्रेनेजची लाइन यांचे नकाशे केले, कुठल्या घरात संडास बसू शकतो ते एकेका घराचं बघितलं आणि ‘वन होम वन टॉयलेट’ म्हणून घरात संडास द्यायला सुरुवात केली. सामान संस्थेचं, मजुरी घराची. खड्डा कुठे, दार कुठे, मोरीच्या शेजारी की मागच्या भिंतीला, हे घरातली बाई ठरवणार. पुण्याशिवाय सांगली, कोल्हापूर, ठाणे अशा शहरांत हे काम पोचलं.

काही विद्यार्थी मग विचारतात, म्हणजे १९९९ चं काम चुकलं का? मी नाही म्हणते. त्या बायकांनी दिलेल्या चौकटीत जेवढं काढता येईल तेवढं काढलं. चौकट आखणारा माणूस वेगळा होता. आपण कुणाला विचारतो याच्याइतकंच, किती उशिरा विचारतो, हेही बघायला हवं. जागा ठरली, निधी ठरला, पद्धत ठरली आणि मग फरशीचा रंग विचारायला गेलो, तर बाई रंग सांगते आणि घरी जाते.

आज ज्या गल्ल्यांमध्ये ड्रेनेजची लाइन गेली, तिथे घरोघरी संडास झाले आणि ब्लॉकपुढची रांग लहान झाली. रांग लहान झाली की पासही कमी निघतात, राखणदाराचा पगार निघेनासा होतो आणि ब्लॉक पुन्हा घाण होतो. तिथे उरतात ती खोली भाड्याने घेऊन राहणारी कुटुंबं, कारण मालक संडास बांधू देत नाही. उरतात नाल्याच्या कडेची घरं, कारण लाइन तिथवर जात नाही. पहाटे पाचला डबा घेऊन निघालेली बाई आता बहुतेक यांच्यापैकी असते. तिचं नाव कुठल्याच यादीत नसतं, कारण यादी घरमालकांची असते.